डोक्याची दुखापत आणि रक्ताची साक्ष
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त सभागृहांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगीं आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हां आम्ही प्रथम संकोचलों. उत्सवांत गोड बोलावें अशी रीत आहे, आणि आमचा विषय गोड नाहीं. परंतु उत्सव-समितीच्या मंडळींनीं सांगितलें कीं, "डॉक्टर, हा प्रसंग आमच्यापैकीं कितीतरी घरांवर येऊन गेला आहे, आणि पुढेंही येणार आहे. लोकांना समजेल अशा भाषेंत सांगा, म्हणजे झालें." ह्या आज्ञेला मान देऊन आम्ही येथें उभे आहों. आमच्या बोलण्यांत कांहीं उणें राहिल्यास आपण तें उदार मनानें पोटांत घालावें, अशी आमची विनंती आहे.

विषय असा आहे: डोक्याला जबर मार लागून माणूस बेशुद्ध पडला असतां, त्याच्या रक्तांतील कांहीं द्रव्यें मोजून तो वांचेल कीं नाहीं हें आगाऊ सांगतां येतें काय? आणि येत असेल, तर त्या सांगण्यावर आपण किती भार टाकावा?

हा विषय केवळ पंडितांचा आहे असें कोणी समजूं नये. आपल्या वस्तीजवळून मुंबई–अहमदाबाद महामार्ग जातो. आपलीं मुलें पहांटे दुचाकीवर बसून कामाला जातात आणि रात्रीं परत येतात. केंद्र सरकारच्या रस्ते-वाहतूक खात्यानें प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें एका २०२२ सालांत भारतांत रस्त्यांवरील अपघातांनीं १,६८,४९१ माणसें मेलीं, आणि त्यांपैकीं शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरील होतीं. अशा अपघातांत जीव जातो तो बहुधा डोक्याच्या दुखापतीनें. तेव्हां अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बांकावर बसून डॉक्टरांची वाट पाहणें हें कोणत्या घरच्या नशिबीं केव्हां येईल, हें सांगतां येत नाहीं.

त्या बांकावर बसलेला बाप एकच प्रश्न विचारतो: "डॉक्टर, वांचेल ना?" आमच्या आयुष्यांत हा प्रश्न आम्हीं पुष्कळदां ऐकला आहे. दोन वेळां आम्हीं त्याचें जें उत्तर दिलें, तें आज महोत्सवाच्या दिवशीं आपल्यापुढें कबूल करावें असें वाटतें.

पहिली गोष्ट एका वाडीवाल्याच्या मुलाची. वय अवघें बावीस. डोक्यावर हेल्मेट नाहीं. दुचाकी घसरून डोकें रस्त्यावर आपटलें. आणला तेव्हां तो डोळे उघडीत नव्हता, आणि एका डोळ्याची बाहुली मोठी होऊन उजेडाला हालत नव्हती. बापानें विचारलें, तेव्हां आम्हीं दुसऱ्याच दिवशीं सांगून टाकलें कीं, "फार आशा धरूं नका." बापानें आमचें बोलणें ऐकून घेतलें, पण उपचार मात्र थांबवूं दिले नाहींत. चाळिसाव्या दिवशीं मुलानें आईकडे पाहून डोळे मिचकावले. आज तो काठी घेऊन चालतो, काकाच्या दुकानांत बसतो, आणि गिऱ्हाइकाला सुटे पैसे बरोबर मोजून देतो. स्वभाव मात्र बदलला आहे. लवकर चिडतो, कालचें आज विसरतो. त्याची आई म्हणते, "माझा पोर परत आला, पण वेगळा होऊन आला." तरी ती रोज त्याच्यासाठीं देवाचे आभार मानते.

दुसरी गोष्ट एका वृद्ध बाईंची. न्हाणीघरांत पाय घसरून पडल्या. चांगल्या बोलत होत्या. आमच्याशीं त्यांनीं थट्टाही केली. हृदयाच्या विकारासाठीं त्या रक्त पातळ करणारें औषध घेत होत्या, ह्याकडे आमचें पुरेसें लक्ष गेलें नाहीं. आम्हीं त्यांच्या मुलांना सांगितलें, "काळजी नसावी." तिसऱ्या दिवशीं डोक्यांत रक्त सांठून त्या वारल्या.

एके ठिकाणीं आम्हीं आशा तोडली आणि माणूस जगला. दुसऱ्या ठिकाणीं आशा दिली आणि माणूस गेला. दोन्ही वेळां आमचें चुकलें, आणि दोन्ही वेळां चूक घाईची होती. म्हणून जेव्हां शास्त्रज्ञ म्हणूं लागले कीं रक्ताचे चार थेंब पाहून भविष्य अधिक नेमकें सांगतां येईल, तेव्हां आम्हीं ती गोष्ट मोठ्या उत्सुकतेनें अभ्यासिली. तिचा सारांश आतां आपल्यापुढें ठेवतों.

प्रथम, रक्ताची परीक्षा येण्यापूर्वीं डॉक्टर काय करीत असत, आणि आजही काय करतात, तें पाहूं. १९७४ सालीं स्कॉटलंडांतील ग्लास्गो शहरीं टीझडेल व जेनेट ह्या दोन डॉक्टरांनीं शुद्धी मोजण्याची एक सोपी रीत घालून दिली. रोगी डोळे केव्हां उघडतो, काय बोलतो, आणि हातपाय कसे हालवितो, ह्या तीन गोष्टींना गुण द्यावयाचे. पूर्ण शुद्धीवरील माणसास १५ गुण, आणि कशालाच दाद न देणाऱ्यास ३. आठ किंवा त्याहून कमी गुण पडले म्हणजे दुखापत भारी समजावयाची. जगभर आजही हीच मोजणी चालते. पुढें २००८ सालीं मोठमोठ्या रुग्णसमूहांवरून भाकिताचीं दोन गणितें तयार झालीं. एक ८,५०९ रुग्णांवरून बसविलें, दुसरें १०,००८ रुग्णांवरून. वय किती, हातपाय कसे हालतात, डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाला आकसतात कीं नाहीं, सी.टी. स्कॅनमध्यें काय दिसतें, अशा गोष्टी त्यांत घालून सहा महिन्यांनंतर काय होईल ह्याचा अंदाज करतां येतो. हीं गणितें उपयुक्त आहेत, पण त्यांत एक उणीव राहते. झोपेचें औषध देऊन श्वासयंत्रावर ठेवलेला रोगी बोलणार कसा? दारू प्यालेल्याची शुद्धी मोजावी कशी? आणि स्कॅन म्हणजे चित्र. तें मोठी जखम दाखवितें, पण सूक्ष्म तंतु तुटले असतील तर पुष्कळदां दाखवीत नाहीं.

येथें रक्त साक्षीला येतें. तें कसें, हें समजण्यासाठीं आपल्या जुन्या वाड्या आठवा. विहिरीवर रहाट चाले, आणि पाटानें पाणी केळींच्या आळ्यांपर्यंत जाई. रात्रीं वादळ झालें तर सकाळीं बागेंत शिरण्यापूर्वींच पाटाच्या पाण्याकडे पाहून माळी ओळखी. केळीच्या पानांचे तुकडे वाहत आले तर केळी मोडल्या. कुंपणाच्या काटक्या आल्या तर कुंपण मोडलें. मेंदूचें तसेंच आहे. मेंदूच्या पेशींत अशीं कांहीं प्रथिनें आहेत कीं जीं शरीरांत इतरत्र जवळजवळ सांपडत नाहींत. निरोगी माणसांत मेंदू व रक्त ह्यांच्यामध्यें एक घट्ट पडदा असतो, आणि हीं प्रथिनें रक्तांत नाममात्र उतरतात. डोक्याला मार बसून पेशी फुटल्या, पडदा फाटला, म्हणजे तीं रक्तांत वाहत येतात. कोणतें प्रथिन आलें, ह्यावरून काय मोडलें तें कळतें; किती आलें, ह्यावरून किती मोडलें तें कळतें.

ह्यांपैकीं चार-पांच नांवें आपण ऐकून ठेवावींत. पहिलें एस-१००-बी. हें प्रथिन १९६५ सालीं मूर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञास गाईच्या मेंदूंत सांपडलें. अमोनियम सल्फेटच्या शेंकडा शंभर संपृक्त द्रावणांतही तें विरघळलेलें राहतें, म्हणून त्याचें नांव एस-१००. पण हें चरबींत व कूर्चेंतही असतें. म्हणून मांडीचें हाड मोडलेल्या माणसाच्या रक्तांतही तें वाढतें, आणि साक्ष संशयास्पद होते. दुसरें एन.एस.ई. हें मज्जापेशींतील द्रव्य. पण तें तांबड्या रक्तपेशींतही आहे. नळींत घेतांना रक्तपेशी फुटल्या, तर मेंदूला कांहीं न होतां आंकडा वाढतो.

ह्यानंतर अधिक विश्वासू साक्षीदार आले. जी.एफ.ए.पी. हें प्रथिन मेंदूंतील ताऱ्याच्या आकाराच्या आधारपेशींचा जणूं सांगाडा आहे. यू.सी.एच.-एल.१ हें मज्जापेशींच्या पोटांतील द्रव्य आहे. हलकी व मध्यम दुखापत झालेल्या रुग्णांत पाहतां, दुसरें सुमारें आठव्या तासाला, तर पहिलें सुमारें विसाव्या तासाला सर्वांत अधिक चढतें, असें २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत आढळलें. पांचवें न्यूरोफिलामेंट लाइट. मज्जापेशींच्या लांब तंतूंना आंतून बळकटी देणारें हें द्रव्य सावकाश चढतें. दहा दिवसांपासून सहा आठवड्यांपर्यंत त्याचा कळस येतो. अर्थात् ह्या प्रत्येकाची वेळ वेगळी आहे. रक्त कोणत्या तासाला काढलें हें ठाऊक नसेल, तर आंकड्याला अर्थच नाहीं.

हीं द्रव्यें किती सूक्ष्म प्रमाणांत मोजावीं लागतात, ह्याची कल्पना यावी म्हणून सांगतों. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यांतील एका भागास पिकोग्रॅम म्हणतात. यंत्रें आज हीं प्रथिनें ह्या मापानें मोजतात.

१४ फेब्रुवारी २०१८ रोजीं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें जी.एफ.ए.पी. व यू.सी.एच.-एल.१ ह्या जोडीच्या परीक्षेस प्रथम परवानगी दिली. परंतु ही परवानगी कशासाठीं होती तें नीट ध्यानांत घ्यावें. हलकी दुखापत झालेल्या प्रौढ माणसाला सी.टी. स्कॅनची गरज आहे कीं नाहीं, येवढेंच ठरविण्यासाठीं ती होती. १,९५९ रुग्णांच्या अभ्यासांत असें दिसलें कीं, स्कॅनमध्यें दुखापत असलेल्या शंभरांपैकीं सुमारें अठ्ठ्याण्णवांना ही परीक्षा ओळखते. पुढें २०२१ सालीं हातांत मावेल अशा यंत्रावर पंधरा मिनिटांत उत्तर देणारी परीक्षा मान्य झाली, आणि २०२४ सालीं रक्तद्रव वेगळा न करतां थेट रक्तावरच ती करण्यास मान्यता मिळाली. आमच्या त्या वृद्ध बाईंच्या वेळीं अशी सोय असती, तर निदान आम्हांस थांबून पुन्हां पाहण्याची बुद्धि झाली असती.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. भारी दुखापतींत हा आंकडा जीवनमरण सांगतो काय? अमेरिकेंतील अठरा मोठ्या अपघात-रुग्णालयांनीं मिळून ह्याचा शोध केला, आणि त्याचा निष्कर्ष २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. हलक्या व भारी सर्व प्रकारच्या १,६९६ रुग्णांचें रक्त दुखापतीच्या दिवशींच तपासलें होतें. सहा महिन्यांत त्यांपैकीं १२० जण मरण पावले. आतां अशी कल्पना करा कीं मेलेल्यांतून एक आणि वांचलेल्यांतून एक, अशा जोड्या निवडल्या. शंभर जोड्यांपैकीं सुमारें ८९ जोड्यांत यू.सी.एच.-एल.१ चा आंकडा मेलेल्याचा अधिक निघाला, आणि जी.एफ.ए.पी. चा सुमारें ८७ जोड्यांत. नाणें उडवून सांगितलें असतें तर पन्नास जोड्या बरोबर आल्या असत्या. म्हणजे ही साक्ष खोटी नव्हे; ती बरीच खरी आहे. युरोपांतील एका मोठ्या अभ्यासांत २,२८३ रुग्णांचें रक्त सहा द्रव्यांसाठीं तपासलें, आणि तेथेंही, मघां सांगितलेल्या जुन्या गणितांत हे आंकडे मिळविले तर भाकीत सुधारतें, असें २०२२ सालींच दिसून आलें. २०२५ सालीं तर अमेरिकेंतील राष्ट्रीय आरोग्यसंस्थेच्या पुढाकारानें तज्ज्ञांनीं मेंदूच्या दुखापतीचें वर्गीकरण नव्यानें मांडलें. त्यांत रोग्याची शुद्धी, रक्तांतील द्रव्यें, स्कॅन, आणि रोग्याची एकंदर परिस्थिति असे चार खांब धरले आहेत. रक्त हा चारांपैकीं एक खांब, हें विसरूं नये.

परंतु त्याच अमेरिकन अभ्यासांत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आम्हांस फार महत्त्वाची वाटते. रोगी मरेल कीं नाहीं, ह्याऐवजीं तो पूर्ण बरा होईल कीं नाहीं, असें विचारलें तर? तेथें शंभर जोड्यांपैकीं जेमतेम ६१-६२ बरोबर आल्या. म्हणजे नाणें उडविण्याहून थोडें बरें, येवढेंच. मृत्यूची सावली रक्तांत दिसते; पण जगलेला माणूस पूर्ण बरा होईल कीं नाहीं, तें तो पहिल्या दिवसाचा आंकडा फारसें सांगूं शकत नाहीं. आणि आईला तर दोन्ही हवें असतें. वांचेल का, आणि वांचला तर मला ओळखील का?

शिवाय शंभरांत ८९ जोड्या बरोबर, ह्याचा अर्थ अकरा चुकीच्या. ज्या घरचा मुलगा त्या अकरांत आहे, त्या घराला उरलेल्या ८९ शीं काय करावयाचें? समुदायाविषयीं जें खरें तें एका माणसाविषयीं खरें असेलच असें नाहीं.

आतां आम्ही आमच्या पहिल्या चुकीकडे पुन्हां येतों. त्या बावीस वर्षांच्या मुलाचें रक्त त्या दिवशीं तपासलें असतें तर? आमची खात्री आहे कीं आंकडा फार मोठा आला असता. आमच्या तोंडचें निराशेचें वाक्य मग अधिक ठामपणें बाहेर पडलें असतें. कारण त्याच्यामागें यंत्राचा आंकडा उभा राहिला असता. बापानें डॉक्टरचें एक वेळ ऐकलें नसतें, पण छापील आंकड्यापुढें तो कदाचित् वाकला असता. बंधुभगिनींनो, मुख्य धोका येथें आहे.

हा धोका काल्पनिक नाहीं. कॅनडा देशांतील सहा मोठ्या अपघात-रुग्णालयांत, श्वासयंत्रावर असलेल्या भारी दुखापतीच्या ७२० रुग्णांची पाहणी करून २०११ सालीं एक लेख प्रसिद्ध झाला. जे मरण पावले त्यांपैकीं शेंकडा ७० जणांचा मृत्यु जीव धरून ठेवणारे उपचार काढून घेतल्यावर झाला होता. आणि अशांपैकीं जवळजवळ निम्मे पहिल्या तीन दिवसांतच गेले. त्याहून विलक्षण गोष्ट अशी कीं एका रुग्णालयांत हें प्रमाण शेंकडा ४५ होतें, तर दुसऱ्यांत जवळजवळ ८७. रोग तोच, देश तोच. निर्णयाची रीत मात्र वेगळी. आतां पहा: एखाद्याचा आंकडा मोठा म्हणून उपचार थांबविले, तो मेला, आणि मग वहींत लिहिलें कीं मोठा आंकडा असलेला मेला. भाकीत खरें ठरलें. पण तें आपणच खरें करून दाखविलें. अशा वहीवरून पुढच्या रुग्णाचें भाकीत करणें म्हणजे चुकीवर चुकीचा मजला चढविणें होय.

उलट, थांबून पाहिल्यास काय दिसतें? त्याच अमेरिकन संशोधकमंडळानें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, दोन आठवडे उलटूनही ज्यांना भोंवतालचें कांहींच भान नव्हतें, अशा ७९ रुग्णांपैकीं ६२ जण वर्षाच्या आंत शुद्धीवर आले. त्यांतील सर्व पूर्ववत् झाले असें नाहीं. स्थळकाळाचें पूर्ण भान ज्यांच्याविषयीं माहिती मिळाली त्यांतील चौथ्या हिश्शालाच परत आलें. परंतु दुसऱ्या आठवड्यांत जो दरवाजा बंद वाटत होता, तो बहुतेकांना थोडातरी उघडला.

ह्याचा अर्थ असा नव्हे कीं यंत्रें कधींच थांबवूं नयेत. येथें आपल्या धर्माची शिकवण आणि वैद्यकाचा अनुभव हातांत हात घालून चालतात. २४ नोव्हेंबर १९५७ रोजीं पोप बारावे पायस ह्यांनीं भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या मेळाव्यापुढें ह्याच प्रश्नाचें उत्तर दिलें. श्वासयंत्र तेव्हां नवें होतें, आणि गाढ बेशुद्ध रुग्णाला त्यावर किती काळ ठेवावें, असें डॉक्टरांनींच विचारलें होतें. पोपमहाराजांनीं सांगितलें कीं जीव राखण्यासाठीं साधारण उपाय करणें हें कर्तव्य आहे. परंतु रुग्णावर किंवा इतरांवर फार भारी ओझें पडेल असे असाधारण उपाय करण्याचें बंधन नाहीं. मृत्यूचा क्षण ठरविणें हें त्यांनीं वैद्यांकडेच सोंपविलें. १९८० सालच्या व्हॅटिकनच्या घोषणापत्रांतही हाच विचार आहे: उपायाचें ओझें आणि त्यापासून होणारा लाभ ह्यांचा मेळ बसतो कीं नाहीं, तें पाहावें. आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेंही ९ मार्च २०१८ च्या निकालानें, बरें होण्याची आशा उरली नाहीं अशा रुग्णाचे कृत्रिम उपचार ठरावीक रीतीनें व वैद्यमंडळाच्या संमतीनें थांबविण्यास वाट दिली, आणि २४ जानेवारी २०२३ रोजीं ती रीत कांहींशी सुलभ केली.

तेव्हां धर्म असें म्हणत नाहीं कीं आशा संपल्यावरही यंत्राला चिकटून बसा. आणि असेंही म्हणत नाहीं कीं खर्चाच्या किंवा भीतीच्या पोटीं आशा लवकर संपवा. प्रश्न उरतो तो येवढाच: आशा संपली, हें कोणत्या पुराव्यावर ठरवावें? जुन्या करारांत एकाच साक्षीदाराच्या शब्दावर कोणास दोषी ठरवूं नये, दोन किंवा तीन साक्षी पाहिजेत, असा दंडक आहे. वैद्यकांतही आज हाच दंडक येत आहे. हृदय बंद पडून मेंदूला प्राणवायु न मिळाल्यानें जे बेशुद्ध होतात, त्यांच्याविषयीं युरोपांतील तज्ज्ञांनीं २०२१ सालीं नियम केले. त्यांत मघां सांगितलेल्या एन.एस.ई. ह्या द्रव्याच्या आंकड्यालाही जागा दिली आहे. पण निदान ७२ तास झाल्याशिवाय आणि प्रतिकूल अशीं किमान दोन लक्षणें जुळल्याशिवाय निराशेचा निर्णय करूं नये, असें त्यांत सांगितलें आहे. तो रोग वेगळा खरा. पण शहाणपण दोन्हीकडे एकच.

म्हणून, ईश्वर न करो, पण आपल्यापैकीं कोणावर त्या बांकावर बसण्याची वेळ आली, आणि डॉक्टरांनीं रक्ताचा आंकडा पुढें केला, तर नम्रपणें चार गोष्टी विचाराव्या. रक्त दुखापतीनंतर किती तासांनीं काढलें? शुद्धी, डोळ्यांच्या बाहुल्या आणि स्कॅन हीं तिन्हीं काय सांगतात, आणि रक्ताशीं त्यांचें जुळतें काय? हा आंकडा मृत्यूविषयीं बोलतो कीं पुढील जीवनाविषयीं? आणि आणखी कांहीं दिवस थांबल्यानें आपणांस अधिक कळेल काय? चांगला डॉक्टर ह्या प्रश्नांनीं रागावत नाहीं. त्याला उलट बरें वाटतें. आम्हांस त्या वाडीवाल्यानें हे प्रश्न विचारले असते, तर आमचें तोंड आपोआप आवरलें असतें.

आणि आणखी एक. रोगी स्वतः बोलूं शकत नसतो, तेव्हां त्याच्या वतीनें घरचेच बोलतात. आपणांस कोणते उपचार हवे, कोणते नकोत, हें शहाण्या माणसानें शुद्धीवर असतांना घरच्यांना सांगून ठेवावें. संध्याकाळच्या रोझरीनंतर घरांत दहा मिनिटें हें बोलणें झालें, तर त्यांत अशुभ कांहीं नाहीं. दाराबाहेर भावाभावांत वाद होतात ते बहुधा ह्यामुळें, कीं आजाऱ्याच्या मनांत काय होतें, तें कोणालाच ठाऊक नसतें. धर्मगुरूंनाही शेवटच्या घटकेला नव्हे, तर आरंभींच बोलवावें. आजाऱ्याचा अभ्यंग-संस्कार हा निराशेचा दाखला नव्हे.

शेवटीं, ज्या गोष्टीला कोणत्याही रक्तपरीक्षेची गरज नाहीं, ती सांगून आम्ही रजा घेतों. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या हिशेबाप्रमाणें हेल्मेटमुळें दुचाकीवाल्याच्या मृत्यूचा धोका शेंकडा ४२ नीं आणि डोक्याच्या दुखापतीचा शेंकडा ६९ नीं कमी होतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें तें घालणें बंधनकारक आहे. पण आम्ही कायद्याच्या धाकानें नव्हे, तर त्या आईच्या नांवानें विनंती करतों. तसेंच, रस्त्यावर पडलेल्या परक्या माणसाला उचलून रुग्णालयांत नेण्यास आपण भिऊं नये. २०१९ सालीं त्याच कायद्यांत घातलेल्या कलमानें अशा मदत करणाऱ्यास संरक्षण दिलें आहे. यरीहोच्या वाटेवरील शोमरोनी मनुष्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. महामार्ग हीच आपली यरीहोची वाट आहे. मेंदूच्या दुखापतींत पहिल्या तासांत श्वास आणि रक्तदाब सांभाळला गेला, तर पुढचे कितीतरी आंकडे बदलतात.

रक्त साक्ष देतें, आणि ती साक्ष मोलाची आहे. येत्या काळांत ती अधिक स्पष्ट होईल, ह्यांत आम्हांस शंका नाहीं. परंतु साक्षीदारानें न्यायासनावर बसूं नये. त्या बावीस वर्षांच्या मुलानें, जो आतां तरुण राहिला नाहीं, परवां आम्हांस दुकानांतून हांक मारली आणि विचारलें, "डॉक्टर, महोत्सवांत काय बोलणार?" आम्हीं सांगितलें, "तुझ्याविषयींच बोलणार आहों." तो हंसला, आणि म्हणाला, "मग खरें तेंच सांगा." आम्हीं तसें करण्याचा प्रयत्न केला आहे.

 ज्या पूर्वजांनीं हा धर्मग्राम घामानें उभारला त्यांना ईश्वर शांति देवो, आणि ह्या धर्मग्रामांतील प्रत्येक घरचीं मुलें रोज संध्याकाळीं सुखरूप घरीं परतोत, अशी प्रार्थना करून आम्ही आमचें भाषण पुरें करतों.